खोऱ्याच्या तळाचा उजेड

माझं आयुष्य आकाश न्याहाळण्यात गेलं, अशी आमच्या सोसायटीतल्या लोकांची समजूत आहे. कोजागरीला मला आग्रहाने गच्चीवर नेतात आणि बोट दाखवून विचारतात, "तो लालसर कोणता हो?" मला बहुतेक वेळा सांगता येत नाही. दुर्बिणीला मी उभ्या आयुष्यात दोनचारदाच डोळा लावला असेल. माझी नोकरी दिवसाची होती, मध्ये जेवणाची सुट्टी असलेली. कुंभकोणमच्या एका कॉलेजात, मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर, खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासलेल्या खोलीत मी ताऱ्यांच्या प्लेटा मापत बसायचे. तारे माझ्याकडे काचेवर यायचे, लाकडी पेटीत, कागदाच्या घड्यांमध्ये.

संपादकांनी फोनवर सांगितलं, कामातल्या गमतीजमती लिहा. एखाददुसरी गंमत आहे, ती सांगेनही. पण उरलेलं गमतीचं नाही, आणि मला ते उरलेलंच लिहायचं होतं. दिवाळीच्या अंकात असलं वाचायला नको असेल त्यांनी पान उलटावं, मी रागावणार नाही.

आधी भाषेचं सांगून टाकते. आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात जी मराठी आम्ही बोलतो ती तीनशे वर्षांपूर्वी गाठोड्यात बांधून नेलेली, वर तमिळची फोडणी. भाचीकडे पुण्याला राहायला आले तेव्हा भाजीवाल्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आजी, कीर्तन करता का?" लिहायची ही मराठी मी मासिकं वाचून कमावलेली आहे. बोलणाऱ्यांची वाक्यं मात्र जशी होती तशीच ठेवते, दुरुस्त करून दिली तर ती माणसं माझ्या ओळखीची राहणार नाहीत.

व्यंकटराव सर आमच्यातलेच. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. डोंगरावरच्या वेधशाळेत वर्षातून काही वेळा त्यांना दुर्बीण मिळायची, तिथे ते प्लेटा घ्यायचे आणि मापायला माझ्याकडे आणून टाकायचे. चार लोकांत आमचं बोलणं तमिळमध्ये, खोलीचं दार लागलं की मराठीत. थोराड बांध्याचे, करकरीत इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, आणि हातात कायम पानाचा पितळी डबा. कुंभकोणमचं कोवळं पान, सुपारी, चुना आणि तंबाखूची काडी. वर्गात शिरताना पान थुंकायचे आणि बाहेर पडल्यावर पहिलं काम नवं लावण्याचं. कुणावर विश्वास म्हणून ठेवत नसत. वेधशाळेतले साहाय्यक निष्णात होते, पण उपकरणातला दिवा सरांच्या हातचाच लागायचा. त्यासाठी लागणाऱ्या लोखंडाच्या कांड्यासुद्धा ते स्वतःच्या घेऊन जायचे, स्वतः कानशीने घासायचे.

या दिव्याचं काम समजून घ्या, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. ताऱ्याचा उजेड लोलकासारख्या उपकरणातून फाकवला की त्याचा पट्टा होतो, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत. तो काचेवर उमटतो. लांबी बोटाएवढी, रुंदी तांदळाच्या दाण्याची. या पट्ट्यात कुठे कोणता रंग हे कळायला मोजपट्टी हवी. म्हणून दोन लोखंडी कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून तिचाही पट्टा ताऱ्याच्या वर आणि खाली उमटवतात. लोखंडाच्या रेघा कुठे पडतात हे ठाऊक असतं, त्यावरून ताऱ्याच्या रेघा वाचायच्या. ठिणगीचा उजेड ताऱ्याच्या वाटेत शिरू नये म्हणून मध्ये एक पत्र्याची झडप असते. आमच्या वेळची झडप जुनी होती.

मला कामावर घेतलं त्या दिवशी सरांनी प्लेट मापायच्या यंत्राखाली सरकवली आणि म्हणाले, "जानकी, तारा आपलें वय चोरतो. येथें जांभळ्या टोकास दोन खोरीं आहेत, पाहा. कॅल्शियमचीं. खोऱ्याच्या तळीं उजेड आहे कां नाहीं, तेवढेंच सांग."

मी पाहिलं. खोरं म्हणजे पट्ट्यात जिथे ताऱ्याचा उजेड गळालेला असतो ती जागा. काचेवर सगळं उलटं असतं, उजेड काळा आणि अंधार कोरा. कोऱ्या खोऱ्यात मध्यावर एक करडा धागा दिसत होता.

"आहे, सर."

"तर तें पोर आहे."

तारा तरुण असतो तेव्हा भराभर फिरतो, धुसफुसतो, आणि त्या धुसफुशीने कॅल्शियमच्या खोऱ्यात तळाशी उजेड दिसतो. वय वाढलं की फिरणं मंदावतं, उजेड विझत जातो. धागा जाड असेल तर वीसतीस कोटी वर्षांचं पोर, अजिबात नसेल तर आपल्या सूर्यासारखा म्हातारा. मधल्यांचं गणित असतं, ते इथे सांगत नाही. पण धाग्याची जाडी किती म्हणजे वय किती, हे आधी ठरवायला लागतं. त्यासाठी एकत्र जन्मलेले तारे लागतात, गुच्छातले, ज्यांचं वय दुसऱ्या मार्गाने कळतं.

हे गुच्छाचं तत्त्व सरांनी एका भांड्यांच्या व्यापाऱ्यावर चालवून दाखवलं होतं. हे गृहस्थ एक दिवस थेट खोलीत आले. त्यांना साठीची शांत करायची होती, तिरुक्कडैयूरच्या देवळात, थाटात. पण जन्मसाल कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्योतिषी तीन वेगवेगळी सालं सांगत होते. म्हणाले, "तुम्ही नक्षत्रांची वयं काढता म्हणे, माझं एक काढून द्या." मला हसू आवरेना. सर मात्र गंभीरपणे खुर्ची ओढून बसले. "तुमच्या आळीत तुमच्याबरोबर जन्मलेलं कोण?" खूप आठवून ते म्हणाले, आईला दूध नव्हतं, शेजारणीने अंगावर पाजलं, तिच्या मुलीबरोबरच. ती मुलगी आडुतुरैला दिलेली होती आणि तिचा बाप रेल्वेत असल्यामुळे तिचा जन्म नीट नोंदलेला होता. आठवड्याने व्यापारी परत आले ते तोंड पाडून. दूधबहीण त्रेसष्ट वर्षांची निघाली. "म्हणजे माझी साठी होऊनसुद्धा गेली?" सर म्हणाले, "मग सत्तरीच्या तयारीला लागा." जाताना त्यांनी आम्हाला एक पितळी तांब्या देऊ केला. सरांनी घेतला नाही, मला घ्यावासा वाटत होता.

एवढीच गंमत.

ऐंशीच्या दशकात उष्णता मोजणारा एक उपग्रह वर गेला आणि त्याला काही साध्यासुध्या ताऱ्यांभोवती धूळ सापडली. ग्रह घडवून उरलेली माती म्हणा, किंवा घडायची राहिलेली. धूळ फक्त पोरवयातच असते की म्हातारपणीही टिकते, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. सरांनी ठरवलं की अशा ताऱ्यांची वयं आपण काढायची. पैसा नव्हता, मोठी दुर्बीण नव्हती, पण डोळे होते आणि धीर होता. मी मापत गेले. कावेरीकाठची दमट हवा, प्लेटांवर बुरशी चढायची, ती कापसाने पुसायची. वीज गेली की यंत्राचा दिवा जायचा, मग हात थांबवून बसायचं. मापताना श्वास रोखून धरायची सवय लागली, ती अजून आहे. भाची म्हणते, आत्या सुईत दोरा ओवताना मेल्यासारखी दिसते.

मी चांगली मापायचे. हे मी विनय बाजूला ठेवून सांगते, कारण दुसरं कुणी सांगणारं आता नाही. तीच प्लेट महिन्याने परत दिली तरी माझा आकडा हलायचा नाही.

त्या यादीत एक तारा होता ज्याचं खोरं फार ठळक उजळलेलं असायचं. आम्ही त्याला धाकटा म्हणायचो. धाकटा लहरी होता. काही प्लेटांत धागा जाड, काहींत मुळीच नाही. सरांनी त्याचा अर्थ लावला की हा तरुण आणि चंचल आहे, कधी उसळतो, कधी निवतो. सूर्याचंही असं होतं, त्याच्या बेताने. अर्थ अगदी योग्य वाटला. आम्हा दोघांच्या नावाने निबंध छापून आला, त्यात धाकट्याचं वय पंचवीस कोटी वर्षं. जगात आठदहा जणांनी वाचला असेल. सरांनी त्या अंकाला खाकी कव्हर घातलं. आयुष्यात त्यांनी छापलेलं नवं म्हणावं असं तेवढंच. बाकी सगळी पोरांची पाठ्यपुस्तकं.

त्याच प्लेटांवर माझी पीएचडी उभी राहिली. वर्षावर्षाने नूतनीकरण होणारी माझी हंगामी नोकरी होती, त्यात ती सावकाश चालली होती. लग्न केलं नाही, आईचं करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर खोली सोडायची नव्हती. थीसिस झाली की कायमची जागा मिळेल असं कॉलेजने तोंडी सांगितलेलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागले. सर तोवर निवृत्त झाले होते. थोड्याच दिवसांत त्यांच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा निघाला. मद्रासला नेलं, कर्करोग निघाला. डाव्या बाजूचा जबडा काढला, जीभही बरीच गेली. बोलणं संपलं. नळीने पातळ अन्न द्यायचं आणि मुलांची असते तसली पाटी घेऊन लिहायचं. एवढा बोलका माणूस, पण मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही. पेन्सिलीने पाटीवर जोरजोरात लिहायचे, एवढंच.

अशात परदेशातल्या काही खगोलशास्त्रज्ञांचं कॉलेजच्या पत्त्यावर एक पत्र आलं. त्यांना धाकट्याभोवती ग्रह सापडला होता. ग्रहाचा जन्म आणि त्याची वाट समजून घ्यायला त्यांना ताऱ्याचं वय पक्कं हवं होतं. छापलेलं वय एकच, आमचं. पण त्यांच्या उपकरणात धाकटा अगदी शांत आणि म्हातारा दिसत होता. तुमच्या प्लेटा एकदा परत पाहाल का, अशी नम्र विनंती होती.

मी पत्र सरांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे असे चमकले की मला भीतीच वाटली. पाटीवर लिहिलं, "धाकट्यास ग्रह." मग खाली, "ते चुकताहेत. तारा निवला असेल. नीट माप, कळीव." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लक्ष्मीमामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेच सांगायला लागल्या. यांच्या ताऱ्याला ग्रह सापडला, अमेरिकेहून विचारणा आली आहे. अमेरिका नव्हती, पण मी काही बोलले नाही. घरात कितीतरी दिवसांनी कुणी काही आनंदाने सांगत होतं.

प्लेटा काढल्या. पहिल्याच दुपारी माझ्या लक्षात आलं की उजेड असलेल्या सगळ्या प्लेटा सरांनी घेतलेल्या आहेत. एक वर्ष त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा एकट्या धाकट्याच्या काही प्लेटा वेधशाळेतल्या लोकांनी घेऊन पाठवल्या होत्या. धागा नव्हता तो नेमका त्यांच्यात. मग मी वरखालचे लोखंडाचे पट्टे पाहिले. सरांच्या प्लेटांत, ठिणगीच्या पट्ट्यातसुद्धा कॅल्शियमच्या दोन रेघा होत्या, ठसठशीत. त्या मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. लोखंडात थोडं कॅल्शियम असतंच, त्यामुळे कधी प्रश्न पडला नाही. पण दुसऱ्यांच्या प्लेटांत त्या पुसटदेखील नव्हत्या.

कॅल्शियम येतं कुठून, या विचारात मी संध्याकाळी साक्कोट्टैच्या वाटेवरल्या सरांच्या घरी गेले. ओसरीच्या खांबाला टेकून मामींची वाट पाहत उभी राहिले. खांबावर, उभ्या माणसाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर, पांढरे फटकारे होते, थरावर थर. आमच्याकडे पान खाणाऱ्याच्या घरात खांबाला असे फटकारे असतातच. पानाला चुना लावून झाला की बोटाला उरलेला जवळच्या उभ्या वस्तूला पुसून टाकायचा. देवळाच्या दगडी खांबांवरही लोक पुसतात. कुणी त्याकडे पाहत नाही. मीही कधी पाहिलं नव्हतं. मामी बाहेर आल्या तेव्हा डोकं दुखतंय म्हणून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सरांचा खण उघडला. फडक्यात बांधलेल्या त्यांच्या लोखंडी कांड्या होत्या. टोकापासून चार बोटं मागेपर्यंत, सगळीकडे, वाळलेला पांढरा थर. गंज चढू नये म्हणून काहीतरी लावतात असं मी समजत आले होते. प्रयोगशाळेत ठिणगीचा संच होता. भर दुपारी दारं लावून मी एक कांडी जशीच्या तशी पेटवली आणि उपकरणातून पाहिलं. जांभळ्या टोकाला दोन रेघा अशा लखलखल्या की डोळ्यांत पाणी आलं. कांडी चिंचेने घासून धुतली, परत पेटवली. रेघा गेल्या.

म्हणजे सर कानशीने कांडी घासायचे, जागं राहायला पान लावायचे आणि बोट पुसायला हाताशी उभी असायची ती कांडीच. पेटल्यावर चुन्याचं कॅल्शियम उजळायचं. जुन्या झडपेतून त्यातलं थोडं ताऱ्याच्या वाटेत झिरपायचं. बाकी पट्टाभर ते ताऱ्याच्या उजेडात बुडून जायचं, पण कॅल्शियमच्या खोऱ्यात ताऱ्याचा उजेडच नसतो. तिथे ते दिसायचं, मध्यावर, बारीक धाग्यासारखं. धाकट्याची चंचलता कुणाच्या हाताने प्लेट घेतली त्याची होती. आणि धाकट्याचीच का, सरांनी घेतलेल्या प्रत्येक ताऱ्याची. यादीतली एकही तरुण वयाची नोंद शिल्लक राहत नव्हती. माझ्या थीसिसमधलीही.

मी आधी मामींना सांगितलं. त्यांना ताऱ्यांतलं कळत नव्हतं, पण "सरांचं ते वय चुकलंय" एवढं कळलं. त्या पाटपाणी करत होत्या, तिथेच खाली बसल्या.

"त्यांस हें अत्ता कळायला नको, जानकी. डॉक्टर सांगटला, दिवस थोडे आहेत म्हणून. त्या एका पत्रावर माणूस उठून बसतो आहे. ते जाऊंदेत, मग काय लिहायचें तें लिही."

"सर विचारतील, मामी."

"बुरशी पुसतें म्हणून सांग. मजसाठीं थांब."

मी थांबले. परदेशी लोकांना काय घाई होती, तारा कुठे पळून जात नव्हता. सर पाटीवर लिहायचे, "मापलीस?" मी म्हणायचे, "बुरशी आहे सर, पुसतेय." बुरशी होतीच. पण ज्यांनी मला श्वास रोखायला शिकवलं त्यांच्यासमोर मला धड श्वास घेता येत नव्हता, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. एक दिवस पाटीवर आलं, "प्लेट आण. भिंगही."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. खोटं बोलायचं नाही आणि आपण होऊन सांगायचंही नाही, असं ठरवून मी सकाळी प्लेट नेली. मामींनी माझ्या हातातली पेटी पाहिली आणि दारातच उभ्या राहिल्या. सरांना खिडकीशी बसवलं. त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली, भिंग डोळ्याला लावलं. मी खालून मनगट धरलं. ते खोऱ्याकडे पाहत होते तोवर चेहरा शांत होता. मग भिंग वर सरकलं, लोखंडाच्या पट्ट्यावर. तिथे थांबलं. परत खाली, परत वर. असं बराच वेळ चाललं.

त्यांनी पाटी मागितली. "वेधशाळेच्या प्लेटांत?"

"नाही, सर."

"कांड्या?"

"खणात आहेत. पेटवून पाहिल्या."

त्यांनी पाटी पुसली. पुसतच राहिले, कोरी झाली तरी. मग खाणाखुणा करून कागद मागितला आणि मांडीवर पाट घेऊन इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं, ते अजूनही सुंदरच येत होतं. आम्ही दिलेलं वय चूक आहे, ते आम्ही मागे घेतो. कारण, निरीक्षकाच्या पान खाण्याच्या सवयीमुळे लोखंडाच्या कांडीला चुना लागत होता. इतकं उघडं, आडपडदा न ठेवता. निरीक्षक कोण तेही लिहिलं. मी खांद्यावरून वाचत होते. शेवटच्या वाक्यापाशी त्यांची लेखणी अडखळली आणि त्यांनी लिहिलं, ही चूक फक्त या एका ताऱ्याच्या प्लेटांत आढळते, इतर ताऱ्यांची वयं तपासली असून ती बरोबर आहेत.

मी म्हणाले, "सर, हे खरं नाही."

त्यांनी मान वर केली नाही. पाटी ओढून लिहिलं, "तुझी थीसिस."

मला वाटत होतं की मी इतके दिवस त्यांचं नाव सांभाळतेय. त्यांना मात्र प्लेट पाहिल्याक्षणी स्वतःचं बुडालं हे कळलं होतं, आणि पत्र लिहिताना ते माझं सांभाळत होते. आयुष्यभर ज्यांनी एका आकड्यात कधी फेरफार केला नाही त्यांनी मरणाच्या दारात, माझ्यासाठी, खोटं वाक्य लिहिलं होतं. मला त्यांचा राग आला. खूप आला. इतकी माया करायची तर आधी कांड्या धुवायच्या होत्यात, असंही मनात आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"ठावकें, सर," मी म्हणाले आणि त्यांच्या हातून लेखणी घेऊन ते वाक्य खोडलं. एकदा खोडून पुरेसं वाटलं नाही, म्हणून परत खोडलं. वर लिहिलं, सर्व ताऱ्यांची वयं मागे घेतो. त्यांनी खाली सही केली, शेजारी मी केली. मामी दारातून हे पाहत होत्या. सर डोळे मिटून मागे टेकले. त्यानंतर त्यांनी पाटी फारशी मागितली नाही. पाणी, उशी, खिडकी, एवढेच शब्द लिहायचे. पत्राचं उत्तर यायच्या आधीच गेले.

तेराव्याला मामी माझ्याशी बोलल्या नाहीत. वाढताना माझ्या पानावरून पुढे गेल्या. शेजारच्या बाईंनी मला नंतर सांगितलं की मामी सगळ्यांना म्हणतात, जानकीने त्यांच्या डोळ्यांदेखत पत्रातून आपलं नाव खोडून घेतलं आणि चूक एकट्या त्यांच्या माथी मारली. मी खुलासा करायला गेले नाही. काय सांगणार होते, की मी काय खोडलं ते? मग सरांनी काय लिहिलं होतं तेही सांगावं लागलं असतं.

थीसिस मी दिली नाही. कॉलेजने त्या वर्षी नूतनीकरण केलं नाही, यात त्यांचा दोष काढता येत नाही. खोलीत पुढे झेरॉक्सचं यंत्र आलं. मी पापनाशमकडे एका शाळेत गणित शिकवायला लागले. मुलं हुशार होती, काही नंतर भेटायलाही आली. ते काम वाईट नव्हतं, पण माझं नव्हतं.

वर्षभराने परदेशी लोकांचा निबंध छापून आला, त्यांनी एक प्रत मला पाठवली. धाकट्याचं वय पाचशे कोटी वर्षांच्या पुढे. सूर्याहून थोरला. मी ती प्रत घेऊन साक्कोट्टैच्या वाटेवर निघाले. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. सरांनी विचारलंच असतं की मग खरं वय किती, आणि ते ऐकायला त्या घरात कुणीतरी असावं असं वाटलं असेल.

मामींनी दार उघडलं. आत ये म्हणाल्या नाहीत, पण दार लावलंही नाही. मी ओसरीवर बसले. त्या लांब बसल्या.

"काय आणलीस?"

"सरांच्या ताऱ्याचं छापून आलंय, मामी."

"त्यांचें नांव आहे?"

"आहे."

त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती, पाचवीपर्यंत इंग्रजी शाळेत गेलेल्या. त्या सरकून जवळ आल्या. मी शेवटच्या पानावरची तळटीप दाखवली. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि सरांच्या नावापाशी थांबल्या.

"येथें काय लिहिलें आहे?"

"पूर्वी ज्या दोघांनी वय छापलं होतं, त्या दोघांनी सगळ्याच ताऱ्यांची वयं स्वतःहून मागे घेतली आहेत, असं लिहिलंय."

"दोघें म्हणजे?"

बोट पुढे सरकलं. माझ्या आद्याक्षरावर आलं, मग नावावर. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हें तूं?"

"मीच, मामी."

"तुझेंही गेलें?"

"हो."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत आम्ही दोघी त्या कागदाकडे पाहत होतो. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं, "मज वाटलें होतें, तूं तरी वांचलीस म्हणून."